लांडग्याच्या पोटाला चेन

नाही, पण मला एक सांगा, लांडग्याच्या पोटाला चेन लावली यात माझं काय चुकलं? साधी चेन हो, दप्तराला असते तशी, ओढली की उघडते, ओढली की लागते, टाके नकोत, भूल नको, रक्ताचा थेंब नको... मी तर म्हणते देवानेच लावायला हवी होती, सगळ्यांनाच, केवढी सोय झाली असती. पण घरात जो येतो तो मलाच विचारतो, अगं पण चेन कशाला? जसं काही मी हौसेने लावली. तुम्हाला सांगते, वेळच तशी आली होती. तुम्ही असता तर तुम्हीही लावली असती. चेन नाही तर बटणं लावली असती, पण काहीतरी लावलंच असतं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे माझ्या नवऱ्यासारखं बघाल, म्हणजे एक भुवई वर आणि दुसरी फोनमध्ये.

तर मी नोकरी करते ती मिक्सर, इस्त्र्या, पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत. बनवणारे वेगळे. त्या खोक्यात तळाशी एक घडी घातलेला कागद असतो ना, जो तुम्ही उघडतही नाही आणि थर्माकोलबरोबर फेकून देता, तो मी लिहिते. त्यातही यंत्र कसं वापरावं ते साहेब लिहितात, मी लिहिते काय करू नये. 'पातं फिरत असताना भांड्यात बोटं घालू नयेत.' 'अंगात घातलेल्या कपड्यांना इस्त्री करू नये.' हसताय? कुणीतरी कुठेतरी केल्याशिवाय असं वाक्य जन्माला येत नाही. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसायचं आणि एक भला माणूस एका गरीब पंख्याकडून स्वतःचं वाटोळं कसकसं करून घेईल याचा विचार करायचा, हे माझं काम. आणि त्यात मी हुशार आहे हो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, बाईंना सुचतं तितकं वाईट आपल्यापैकी कुणालाच सुचत नाही. मी ते कौतुक म्हणून घेतलं. अजून नक्की नाही, पण घेतलं.

आता अशा बाईला मूल झालं तर काय होणार? टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटांना कड्या, खिडक्यांना जाळ्या, फ्रीजच्या दाराला पट्टा. नवऱ्याला पाणी प्यायचं असलं तर तो मला हाक मारतो, कारण पट्टा कसा निघतो हे फक्त मला ठाऊक. आणि मी सगळी कामं सोडून घरी बसले, चांगली तीनेक वर्षं, लेकीच्या मागे दोन्ही हात पसरून, गोलकीपरसारखी. तशात साहेबांचा फोन. वाफेची नवीन इस्त्री येतेय बाजारात, तुमच्याशिवाय अडलंय, सोमवारपासून या. नाही जमलं तर एक नवीन मुलगी आहे, तिला अजून म्हणावं तसं वाईट सुचत नाही, पण शिकेल.

शिकेल म्हणे. माझ्या खुर्चीत बसून शिकेल.

म्हणजे लेकीला ठेवायला जागा हवी. आमच्या भागात धड पाळणाघर एकच, काकूंचं, आणि त्या काकूंची पद्धत जगावेगळी. तुम्ही मूल घेऊन जायचं नाही, त्याच येणार तुमच्या घरी, मुलाशी बोलणार, आणि मूल आपल्या पायांनी त्यांच्याजवळ आलं तरच घेणार. ओढून आणलेलं, चॉकलेट दाखवून आणलेलं त्यांना चालत नाही. म्हणतात, रडत आलेलं पोर बाकीच्या सगळ्यांना रडवतं, मग मी काय करू, मीही रडू? जागा उरलेली एकच. भेट शनिवारी. आणि आमची लेक कशी? तर दूधवाल्याचा नुसता आवाज आला तरी माझ्या पायाला अशी बिलगते की मला दार उघडायला एक पाय फरफटत जावं लागतं. तर सगळं काय ते यावर लटकलेलं, की ही पोरगी शनिवारी त्या अनोळखी बाईकडे चार पावलं चालत जाते की नाही. तेवढं ध्यानात ठेवा. बाकी सगळा माझा मूर्खपणाच आहे.

तर फोनवर आम्हा आयांचा एक ग्रुप आहे. त्यात एक बालमानसवाल्या बाई आहेत, त्या रोज सकाळी आम्हाला घाबरवतात. त्यांनी लिहिलं, मुलांची बाहेरच्या जगाची भीती घालवायची तर त्यांना जुन्या गोष्टी सांगा, प्राण्यांच्या, आणि पुढे हसणाऱ्या अस्वलाचं चित्र. मला बरं वाटलं. एवढंच ना? गोष्ट काय, मला येते की. आई सांगायची ती, शेळीची आणि तिच्या करडांची. आई ती गोष्ट भाजी निवडता निवडता सांगायची, पालकाच्या एका जुडीत शेळी बाहेर जायची, लांडगा यायचा, सगळं व्हायचं आणि आम्ही खेळायला पळायचो.

मी लेकीला मांडीवर घेतलं. म्हटलं, एक शेळी होती. तिची खूप करडं होती. एकदा शेळी म्हणाली, बाळांनो, मी बाहेर जाते, संध्याकाळी येते, कुणाला दार उघडू नका. आणि लेकीने विचारलं, ऑफिसला?

तुम्हाला सांगते, मी थबकले. कारण तोवर मी ती गोष्ट नुसती सांगत होते, ऐकत नव्हते. आता ऐकली. आई बाहेर जाते. पोरं मागे. दारात अनोळखी माणूस. तो आवाज गोड करून बोलतो, पंजे पांढरे करून दाखवतो, पोरं दार उघडतात, आणि... आणि सोमवारी मी बाहेर जाणार! ही गोष्ट मी कुणाला सांगतेय? माझी मीच खोक्यात आग घालून वरून कागद ठेवतेय की काय! पण गाडी उतारावर होती हो. लांडगा आत आलेला. करडं टेबलाखाली, कपाटात, घड्याळात. लेक माझ्या तोंडाकडे बघतेय, डोळे हे एवढे.

"मग लांडग्याने काय केलं?"

"त्याने ना... त्यांना पोटात ठेवलं."

"कसं?"

"चेन उघडून."

झालं. अशी लागली ती चेन. आता यात माझं काय चुकलं सांगा. 'गिळलं' म्हणायला हवं होतं? माझ्या तोंडून निघेना ते. आणि एकदा चेन लागली म्हटल्यावर पुढे सगळं सरळ होईल असं मला वाटलं, पण तुम्ही आमच्या लेकीला ओळखत नाही. आम्ही तिला घरात वकीलसाहेब म्हणतो. चेन पुढून की मागून? पुढून. कुठल्या रंगाची? तपकिरी, लांडग्याला शोभेल अशी. आत अंधार असतो? नाही, दिवा असतो. दिवा कोण लावतं? आपोआप लागतो, फ्रीजसारखा. शू आली तर? मी म्हटलं, जाण्यापूर्वी करून घ्यावी. चेन अडकली तर? आणि इथे माझा धंदा जागा झाला, मी सांगून बसले, की चेन ओढताना केस अडकणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि जोर लावू नये. तिने मान डोलावली. अशी मान आमच्या साहेबांनीही कधी डोलावली नाही.

पुढे दगड. मूळ गोष्टीत शेळी येते, लांडग्याचं पोट कापते, करडं काढते, दगड भरते, आणि तो विहिरीत... जाऊ दे, तुम्हाला माहीत आहे. मी दगडांच्या जागी उशा घातल्या. का? कारण पोट एकदम रिकामं पडलं तर त्याला गार वाटेल. मऊ उशा. आणि उशांनी पोट भरलं म्हटल्यावर त्याला पुन्हा कुणाला आत घ्यायला जागाच उरली नाही, आणि तो चांगला झाला, सगळ्यांशी खेळायला लागला. वकीलसाहेबांनी निकाल दिला. म्हणाली, म्हणजे ज्याच्या पोटात उशी, तो चांगला लांडगा. मी म्हटलं, अगदी बरोबर. आणि झोपली हो शांत. मी स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याला सगळं अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, सरळ खाल्लं म्हणायचं की, आम्ही नाही का ऐकली, आम्हाला काय झालं? हे कोण म्हणतंय, तर जो अजून गच्चीत कपडे आणायला जाताना बाथरूमचा दिवा लावून जातो. तो दिवा गच्चीवर दिसतही नाही.

पुढचे दोन दिवस मी माझी पाठ थोपटत होते. मग लिफ्टमध्ये वॉचमनकाका भेटले. काकांचं पोट आधी येतं आणि काका मग येतात, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, पण तिने ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या पायामागून मुंडकं काढून तिने त्यांच्या शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि विचारलं, आत कोण आहे? काका साधे माणूस, पोटावर हात फिरवून म्हणाले, आत्ता? आत्ता जेवण आहे बाळा. ती पांढरीफटक. घरी येईपर्यंत माझ्या कानात एकच, जेवण म्हणजे कोण गं आई, जेवण म्हणजे कोण?

आणि मग गुरुवारी माझी नणंद आली.

आता माझी नणंद गोड मुलगी. सातवा महिना लागलेला, पाय सुजलेले, आमच्या सोफ्यावर ऐसपैस बसली, आणि नवरा, ज्याला आयुष्यात कधी कुणाला काही समजावून सांगावंसं वाटत नाही, त्याला नेमकं त्या दिवशी वाटलं. लेकीला जवळ घेऊन म्हणाला, आत्याच्या पोटात बाळ आहे, माहितेय?

लेक उठली. आत्याजवळ गेली. पोटावर एक बोट टेकवलं, कान लावला. आतून बाळाने ढुशी मारली असणार, कारण ती दचकून मागे झाली आणि अगदी हळू आवाजात, जसं पोलिस पहिल्यांदा गोड विचारतात तसं, विचारलं, आत्या, तू बाळ कधी खाल्लंस? नणंद खळखळून हसली. तिला वाटलं गंमत. म्हणाली, झाले की बरेच महिने! मग बाहेर कधी काढणार? अजून वेळ आहे गं, ती म्हणाली, मजेत आहे ते आत.

तुम्ही माझ्या लेकीच्या जागी उभं राहून बघा. एक सख्खी आत्या. बाळ खाल्लंय. कबूल करतेय. वर हसतेय. लेक आत गेली आणि आमच्या पलंगावरच्या उशा एकेक करून आणायला लागली, स्वतःएवढ्या उशा, ओढत ओढत. सोफ्याच्या पाठी काढल्या. आत्याभोवती ढीग रचला. मग सगळ्यात वरची उशी छातीशी धरून मला म्हणाली, "आई, तू चेन उघड. मी उशी घालते."

नवऱ्याची भुवई वर. नणंद माझ्याकडे बघतेय, मी पंख्याकडे. सांगावं लागलं सगळं. शेळी, करडं, दिवा, केस अडकणार नाहीत याची काळजी, सगळं. सांगताना मला वाटत होतं, आता ही घरी जाऊन सासरी काय सांगणार, की आमच्या वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. नणंद ऐकून घेत होती, हसता हसता तिचे डोळे का भरून आले ते मला आधी कळेना. तिला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, कापावं लागेल कदाचित. घरात कुणाला बोलली नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, खरंच असती ना गं चेन, तर किती बरं झालं असतं." बघा! एकतरी माणूस माझ्या बाजूने निघालं. जाताना लेकीने तिला सोफ्यावरची छोटी उशी देऊन पाठवलं, बाळ निघाल्या निघाल्या आत घाल म्हणून. नणंदेने ती खरंच नेली. चांगली उशी होती.

पण माझं धाबं दणाणलं. शनिवार परवावर आलेला. काकूंना मी पाहिलं नव्हतं, पण फोनवरचा आवाज भरदार होता, आणि आवाजाला शोभेल असं पोट असलं तर? आल्या आल्या ही चेन शोधायला लागली तर? आमच्या ऑफिसात छापलेल्या कागदात चूक निघाली की आम्ही दुसरा कागद छापतो, मागील सूचना रद्द समजावी. म्हटलं, तसंच करू. शुक्रवारी दुपारी लेकीला भात भरवता भरवता म्हटलं, बाळा, ती लांडग्याची गोष्ट ना, त्यात एक चूक झाली. त्याला चेन नव्हती.

तिने घास तोंडात तसाच ठेवला. मग करडं आत कशी गेली? मी म्हटलं, आत गेलीच नाहीत. मग लांडगा घरी आलाच कशाला?

आता तुम्ही सांगा, लांडगा शेळीच्या घरी कशाला येतो? एका बाजूला सोमवार, एका बाजूला इस्त्री, वाटीत भात गार होतोय, माझ्या डोक्यात दोन दिवस एकच गोष्ट घोळतेय, आणि माझ्या तोंडून निघालं, की शेळीला ऑफिसला जायचं असतं ना, म्हणून तो मुलांना बघायला आला होता. तो... पाळणाघर चालवतो.

वाक्य संपण्याआधीच मला कळलं होतं. तुम्ही गरम इस्त्रीला हात लावता आणि चटका बसण्याआधी एक क्षण असतो बघा, ज्यात तुम्हाला सगळं माहीत असतं पण हात अजून तिथेच असतो, तसं. लेकीने घास गिळला. आणि म्हणाली, "म्हणजे उद्या येणार त्या काकू लांडगा आहेत."

विचारलं नाही तिने. सांगितलं.

मी नाही म्हटलं हो. शंभर प्रकारे नाही म्हटलं. जितकं नाही म्हणावं तितकी तिची खात्री पटत होती, कारण लांडगा कधी कबूल करतो का, आणि लांडग्याला बोलावणारी आई तर त्याहून नाही. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला मीटिंगमध्ये आहे, आणि मग अगदी हळू, की आधीच खाल्लं म्हटलं असतंस तर.

शनिवार. मी घर आवरलं, कोपऱ्यांचे स्पंज काढले, वेड्यासारखं दिसू नये म्हणून, मग भीती वाटली म्हणून परत लावले. बेल वाजली. लेक माझ्याही आधी दाराशी. मला वाटलं पळणार, पण नाही, ती दाराला गाल लावून उभी, मी साखळी ठेवूनच दार किलकिलं केलेलं, फटीतून म्हणाली, आधी हात दाखवा. आणि बाहेरून आवाज आला. अहो काय आवाज तो! दिवसभर डझनभर पोरांवर ओरडून घसा पार खरवडलेला, जणू विहिरीतून कुणी बादली ओढतंय. आवाज म्हणाला, बरं बाई, दाखवते की. आणि फटीतून एक हात आत आला.

पांढरा.

मनगटापर्यंत पांढरा! काकू पोरांचे लंगोट बदलून, पावडर लावून, तशाच लगबगीने आल्या होत्या, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. पण त्या क्षणी, तुम्हाला सांगते, मी, शिकलेली बाई, लग्न झालेली, दोन पावलं मागे सरकले. लेकीने माझ्याकडे नुसतं वळून पाहिलं. आणि आली ती थेट माझ्या पायाला चिकटली.

दार उघडलं. काकू आत आल्या. चांगली उंच, धिप्पाड बाई, करडे केस, अंगात जाड जाकीट, आणि मी कसं सांगू, पोट पुढे आलेलं आणि त्या पोटावरून गळ्यापासून खालपर्यंत... चेन. तपकिरी चेन. काकू सोफ्यावर बसल्या, त्यांनी कोपऱ्यांचे स्पंज पाहिले, फ्रीजचा पट्टा पाहिला, मला फरफटत पाणी आणताना पाहिलं, कारण लेक पायाला होतीच. मी बोलतच होते, ती कशी समंजस, कशी सगळं खाते, कशी एरवी लगेच मिसळते. काकूंनी पाणी पिऊन भांडं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "घाबरट कोण आहे नक्की? ही, का तू?"

मी पदर चाचपला, मी ड्रेस घातला होता.

काकू गप्प बसल्या. तेच त्यांचं तंत्र म्हणे, नुसतं बसायचं. घड्याळ चाललंय. माझी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून चाकांवर हळूहळू निघालीये, वर ती नवीन मुलगी बसलेली, तिला काहीतरी भयंकर वाईट सुचतंय... आणि माझा पाय हलका झाला. लेक सुटली होती. ती सोफ्याच्या मागून, टेबलाच्या कडेने, एकेक पाऊल टाकत काकूंच्या दिशेने चालली होती. आपल्या पायांनी! पण मी तिची नजर पाहिली. ती काकूंकडे जात नव्हती. ती चेनकडे जात होती. मी म्हणाले, बाळा नको, आणि माझ्या तोंडून हेही निघालं, सवयीने, जोर लावू नये.

खर्रर्र.

गळ्यापासून खालपर्यंत, एका दमात. जाकीट दोन्हीकडे फाकलं, आणि काकूंच्या पोटातून घरंगळत लेकीच्या हातात पडली एक उशी. छोटीशी, बदकं बदकं असलेली, जुनी, चपटी झालेली उशी. लेकीने ती दाबून पाहिली. नाकाशी नेली. म्हणाली, "गरम आहे."

काकू म्हणाल्या, असणारच, मगाचपासून पोटाशी धरलीये. त्यांच्याकडे एक अगदी बारकं पोर आहे, ते गार उशीवर डोकं टेकत नाही, किंचाळतं. म्हणून त्याच्या झोपायच्या वेळेआधी त्या उशी जाकिटात घालून फिरतात. भाजी आणायला गेल्या तरी उशी आत. लोक पोट म्हणतात, म्हणोत.

पण हे सगळं लेकीने ऐकलंच नाही. तिचा चेहरा असा उजळला होता, जसा खटला जिंकल्यावर उजळतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, उशी आहे! मुलं काढून झाली!" आणि उशी जिथली तिथे ठेवली, चेन सांभाळून, केस न अडकवता वर ओढली, आणि काकूंच्या मांडीवर चढून बसली. चांगला लांडगा. जागाच नाही आत. भ्यायचं काय?

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुठली मुलं, कोणी काढली, काही विचारलं नाही. इतकी वर्षं पोरं सांभाळून माणसाला कुठे विचारू नये ते कळत असावं. म्हणाल्या, सोमवारी सकाळी आण, एक जादा कपड्यांचा जोड दे, आणि तो फ्रीजचा पट्टा काढ, माणसं राहतात इथे.

आता बोला! चेन लावली यात माझं काय चुकलं? मी नवऱ्याला सरळ विचारलं. त्याची भुवई खाली आली होती.

सोमवारी मी माझ्या खुर्चीत. वाफेची इस्त्री समोर. मी लिहिलं, वाफेवर तोंड धरू नये, टाकीत दूध, सरबत किंवा अत्तर भरू नये, इस्त्रीने पाव भाजू नये. साहेब वाचून म्हणाले, आलात परत. मला वाटलं, सगळं जागच्या जागी बसलं. संध्याकाळी काकूंच्या जिन्यात उभी राहिले तर लेक उड्या मारत बाहेर आली, रडली नाही, काही नाही, आणि पायऱ्या उतरताना म्हणाली, आज काकूंनी शेळीची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, हो? कशी होती? आणि ती सांगायला लागली, प्रत्येक पायरीला एक उडी. लांडग्याने सगळ्यांना गिळून टाकलं, उडी. शेळीने कात्रीने टर्रकन पोट फाडलं, उडी. आत दगड भरले आणि शिवून टाकलं, उडी. मग तो पाणी प्यायला वाकला आणि विहिरीत पडला, धप्प. आणि मेला. आणि सगळी नाचली.

वरून दारातून काकू म्हणाल्या, रोज हीच मागतात मेली, आणि फाडायची जागा आली की दोनदा.

मी तिथेच पायरीवर बसले हो. लेक थांबली. चार पायऱ्या परत वर आली आणि तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी तिला ताप आला की बघते ना, तसं. मग माझ्या गालावर हात ठेवला, हाताला अजून पावडरचा वास होता, आणि जवळ येऊन म्हणाली, "अगं आई, तसं नसतं काही. चेन होती त्याला."

आणि तुम्हाला सांगते, सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. उठले, तिचा हात धरला, चालायला लागलो. फक्त कोपऱ्यावर वळताना मी तिला एवढंच विचारलं, की त्या विहिरीला कठडा होता ना गं?

"होता," ती म्हणाली. अगदी माझ्या आवाजात.